पिळाचा अंबाडा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न

ऑक्टोबर २०१७मध्ये लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' दैनिकाच्या पुरवणीच्या मुखपृष्ठावर अमेरिकी गायिका सोलांज नोल्स हिचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. मूळ छायाचित्रात तिच्या मस्तकावर वेणीचे एक भलेमोठे कडे होते. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असावी तसे. छापून आलेल्या मुखपृष्ठावर मात्र ते कडे नव्हते. संगणकाच्या साह्याने ते पुसून टाकण्यात आले होते. विशेष म्हणजे, आतील पानांवरच्या मुलाखतीत सोलांज वेणी घालण्याच्या कलेविषयी आत्मीयतेने बोलली होती. पुढच्याच महिन्यात 'ग्राझिया' या मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ऑस्करविजेती अभिनेत्री लुपिता न्योंगो झळकली. तिने मागे बांधलेल्या केसांचा झुपका गायब झालेला होता आणि उरलेले केस गुळगुळीत करण्यात आले होते. दोघींनीही जाहीर नापसंती व्यक्त केली आणि दोन्ही वेळा माफी मागितली गेली.

केसांचा एक अंबाडा तो काय आणि त्याचा एवढा गवगवा कशासाठी, असा प्रश्न दूरच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. परंतु अमेरिकेतील आणि युरोपातील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शृंगाराचा नाही. समारंभाला शोभणारे, कचेरीत चालणारे, 'नीटनेटके' केस म्हणजे सरळ केस, हे समीकरण तिथे शतकाहून अधिक काळ रूढ आहे. जन्मजात दाट कुरळे केस कोणतेही रसायन न लावता, तापलेली इस्त्री न फिरवता, पीळ देऊन उंच बांधले की त्यांतूनही तितकीच देखणी आणि भारदस्त रचना साकारते. तिथे 'ट्विस्ट अपडू' या नावाने ओळखला जाणारा हा पिळाचा अंबाडा त्या समीकरणालाच छेद देतो.

फडक्याआड गेलेले केस

पश्चिम आफ्रिकेतील अनेक समाजांत केशरचना ही ओळखपत्रासारखी होती. स्त्रीचे वय, ती विवाहित आहे की अविवाहित, ती कोणत्या समूहातील, एखाद्या सोहळ्यासाठी निघाली आहे काय, हे तिच्या केसांवरून समजत असे. या परंपरेची समृद्धी पाहायची तर नायजेरियाचे छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांचे काम पाहावे. १९६८पासून पुढे अनेक वर्षे त्यांनी नायजेरियन स्त्रियांच्या केशरचनांची सुमारे एक हजार छायाचित्रे टिपली. त्यांतील बहुतेक छायाचित्रे पाठमोरी आहेत. दोऱ्याने गुंडाळून उभे केलेले केसांचे कमानीदार खांब, एकमेकांवर रचलेल्या गुंडाळ्या, डोक्यावर मनोऱ्यासारखे चढत गेलेले पीळ पाहताना आपण केस पाहत आहोत की शिल्प, असा संभ्रम पडतो.

गुलामगिरीत हे सारे तुटले. जहाजांतून पलीकडे नेलेल्या माणसांजवळ ना फण्या राहिल्या, ना तेल, ना केस विंचरायला लागणारा निवांत वेळ. स्पेनच्या अमलाखालील लुइझियानात १७८६मध्ये गव्हर्नर एस्तेबान मिरो याने कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय स्त्रियांनी आपले केस फडक्याने झाकावेत, असा हुकूम काढला. त्या फडक्याला 'टिग्नॉन' म्हणत. स्वतंत्र झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची सजावट गोऱ्या समाजाच्या डोळ्यांवर येऊ लागली होती, हे त्यामागचे कारण. स्त्रियांनी हुकूम पाळला, पण आपल्या पद्धतीने. त्यांनी उंची, रंगीबेरंगी कापड निवडून त्याच्या अशा काही गाठी बांधल्या, की खाली दडवायला सांगितलेली प्रतिष्ठा वर मुकुटासारखी दिसू लागली.

१८६५मध्ये गुलामगिरी संपली, तरी नोकरी मिळवायची तर दिसणे 'सभ्य' हवे, ही अट उरली. चुलीवर तापवून केसांतून फिरवायचा धातूचा कंगवा घरोघरी आला. लुइझियानात १८६७मध्ये जन्मलेल्या आणि पुढे मॅडम सी. जे. वॉकर या नावाने विख्यात झालेल्या उद्योजिकेने केशप्रसाधनांच्या बळावर मोठे वैभव उभे केले आणि हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना विक्रीचे काम देऊन स्वतःच्या पायांवर उभे केले. तापलेला कंगवा हा तिच्या केशोपचार-पद्धतीचाही भाग होता. या कंगव्याची करामत मात्र पाण्याचा थेंब पडेपर्यंतच टिके. केस भिजले की पीळ परत येई. विसाव्या शतकात त्यावर कायमचा उपाय म्हणून 'रिलॅक्सर' आले. यांतील अनेकांचा मुख्य घटक सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच आपल्याकडे परिचित असलेला कॉस्टिक सोडा. तो केसांतील अंतर्गत बंध तोडून त्यांना सरळ करतो. चूक झाली तर टाळूची कातडी भाजते आणि मुळाशी नवे कुरळे केस उगवले की दर काही आठवड्यांनी हा प्रयोग पुन्हा करावा लागतो.

सरळ केसांच्या या मागणीचा एक धागा भारतापर्यंत येऊन पोहोचतो. तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो आणि त्यांतील लांब केस टोप व गंगावने तयार करण्यासाठी परदेशी जातात. अमेरिकी कलाकार ख्रिस रॉक याच्या 'गुड हेअर' या २००९च्या माहितीपटात हा प्रवास पडद्यावर आला. बालाजीला वाहिलेले केस अखेर कोणाच्या मस्तकी चढतात, हे अनेकांना त्यातून प्रथमच कळले.

रसायनांचा प्रश्न केवळ टाळू भाजण्यापुरता नसावा, अशी शंका २०२२मध्ये बळावली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांची जवळजवळ अकरा वर्षांची माहिती त्या वर्षी मांडली. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे अनुमानित प्रमाण १.६४ टक्के होते; वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा ती वापरणाऱ्यांत ते ४.०५ टक्के होते. असा संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे नव्हे. परंतु वर्षभरात ही रसायने वापरल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ६० टक्के कृष्णवर्णीय होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे हा भार मुख्यतः कोणावर पडतो ते उमगते.

दोष नव्हे, गुण

आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींच्या केसाचा आडवा छेद घेतला तर तो गोल न दिसता चपटा, लंबगोल दिसतो. केस ज्या कूपातून उगवतो तो कूपही त्वचेखाली वक्र असतो. त्यामुळे केस स्प्रिंगसारखी वेटोळी घेत वाढतो. टाळूवरचे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली ओघळते. वेटोळ्यांवरून ते टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून हे केस कोरडे पडतात. प्रत्येक वळण ही एक नाजूक जागा असल्याने ओढाताण झाली की केस तिथे तुटतो. शिवाय ओले असताना लांब दिसणारे केस वाळले की आक्रसून निम्म्याहूनही आखूड भासू शकतात.

हे सारे गैरसोयीचे वाटते खरे. पण अंबाड्याच्या दृष्टीने हाच स्वभाव वरदान ठरतो. सरळ, मऊ केसांचा अंबाडा घातला की आकडे निसटतात आणि तासाभरात तो मानेवर घसरतो, हा अनुभव मराठी घरांत नवा नाही. दाट कुरळ्या केसांत आकडा रुतून बसतो. दोन पेडांचा पीळ घातला तर टोकाला रबर न लावताही तो बहुधा सुटत नाही, कारण केसांची वेटोळी एकमेकांत अडकून राहतात. आतून आधार न देता केस उभे राहतात, फुगतात आणि दिलेला आकार धरून ठेवतात.

पिळाची रीत

या रचनेचे निम्मे यश पूर्वतयारीत आहे. केस धुऊन, कंडिशनर लावून, ओले असतानाच त्यांचे चार-सहा भाग करायचे आणि प्रत्येक भागाचा गुंता बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने सोडवायचा. सुरुवात टोकांकडून करून हळूहळू मुळांकडे जायचे. उलट केले तर गाठी आवळतात. त्यानंतर पाण्याचा अंश असलेले मलम आणि त्यावर शिया बटर, एरंडेल किंवा खोबरेल तेल लावले जाते. ओलावा पाणी देते आणि तेल तो धरून ठेवते. म्हणून हा क्रम महत्त्वाचा. पीळ चमकदार आणि बांधीव दिसावा यासाठी जवस उकळून काढलेला बुळबुळीत अर्कही पुष्कळजणी वापरतात.

आक्रसलेले केस थोडे लांबवायचे असतील, तर रात्री सैल वेण्या घालून किंवा मुळापासून टोकापर्यंत दोरा गुंडाळून ठेवतात. सकाळी सोडल्यावर केस ताणलेले राहतात आणि उष्णता मुळीच लागत नाही. दोरा गुंडाळण्याची ही युक्ती पश्चिम आफ्रिकेतलीच आहे.

मूळ पीळ दोन प्रकारचे. पहिला 'टू-स्ट्रँड ट्विस्ट', म्हणजे मोकळा दुपेडी पीळ. एका बटेचे दोन पेड करायचे आणि ते एकमेकांभोवती टोकापर्यंत गुंडाळत जायचे. दोरखंड वळताना प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ देतात आणि दोन्ही पेड मिळून विरुद्ध दिशेने गुंडाळतात. इथेही तसेच केले तर पीळ अधिक घट्ट आणि सुबक होतो. दुसरा 'फ्लॅट ट्विस्ट', म्हणजे टाळूला लगटून जाणारा पीळ. यात कपाळाच्या रेषेपासून दोन बारीक पेड घेऊन सुरुवात करतात आणि पुढे सरकताना वाटेतले केस प्रत्येक वळणात सामील करून घेतात. डोक्यावर शेतातील सरींसारख्या रेषा उमटतात. तिपेडी वेणीच्या 'कॉर्नरो'पेक्षा हा प्रकार सोपा, कमी वेळाचा आणि सोडायलाही सुलभ असतो.

अंबाड्याचे प्रकार

या दोन पिळांच्या मिश्रणातून नाना रचना जन्मतात. सर्वांत सौम्य रचना मानेवरच्या अंबाड्याची. कपाळावरून तिरपे, कानामागे जाणारे सहा ते दहा चपटे पीळ घालायचे, मानेपाशी उरलेल्या टोकांचे मोकळे पीळ करायचे आणि ते एकमेकांत गुंफून आकड्यांनी बसवायचे. विवाहसमारंभात नववधूसाठी ही रचना अनेकदा निवडली जाते. एका बाजूला फूल किंवा मोत्यांची पिन माळली की ती पुरी होते.

दुसरी मुकुटाची रचना. मधोमध भांग पाडून दोन्ही बाजूंनी एकेक जाड चपटा पीळ कानावरून मागे नेतात आणि टोके एकमेकांखाली दडवतात. तिसरीत दोन्ही बाजूंचे केस चपट्या पिळांनी वर चढवतात आणि माथ्यावरचे मोकळे पीळ कपाळापासून मानेपर्यंत एका ओळीत गुंडाळून बसवतात. समोरून पाहिले तर केसांचा तुरा दिसतो. चौथी 'बांटू नॉट्स'. दक्षिण आफ्रिकेशी नाते सांगणाऱ्या या प्रकारात डोक्याचे चौकोनी भाग पाडून प्रत्येक भागातील पीळ स्वतःभोवतीच गुंडाळून छोटी छोटी बुचडी बांधतात. पाचवी, सर्व पीळ माथ्यावर एकत्र करून घातलेला उंच अंबाडा.

उंच रचनेचे एक गाजलेले उदाहरण लुपिता न्योंगोचेच आहे. २०१६च्या न्यू यॉर्कमधील मेट गालासाठी तिने केस मनोऱ्यासारखे उभे बांधले होते. एका नामवंत फॅशन मासिकाने त्याचे श्रेय ऑड्री हेपबर्नच्या केशरचनेला देऊन टाकले. त्यावर लुपिताने वाद न घालता आफ्रिकी स्त्रियांच्या पारंपरिक केशरचना आणि गायिका नीना सिमोन यांची चित्रे प्रसिद्ध केली. प्रेरणा कुठली, ते आपोआप स्पष्ट झाले.

दुखले तर सोडा

पिळाच्या अंबाड्याला 'संरक्षक' केशरचना म्हणतात, कारण केसांची टोके आत सुरक्षित राहतात आणि रोजचे विंचरणे टळते. काळजी घेतली तर मोकळे पीळ एक-दोन आठवडे टिकतात. रात्री डोक्याला साटीनचा रुमाल बांधतात किंवा उशीला साटीनचा अभ्रा घालतात; सुती कापड केसांतला ओलावा शोषते आणि घासून केस तोडते.

परंतु संरक्षक म्हणवणारी रचनाच घातक ठरू शकते. केस सतत ताणून बांधले तर कपाळाच्या आणि कानशिलांच्या रेषेवरील केस विरळ होऊ लागतात. त्वचारोगतज्ज्ञ या विकाराला 'ट्रॅक्शन अॅलोपेशिया' म्हणतात. सुरुवातीला तो सुधारतो. वर्षानुवर्षे ताण चालू राहिला तर केसांची मुळे कायमची मरतात. रसायनांनी आधीच दुबळ्या झालेल्या केसांवर घट्ट रचना केली तर धोका आणखी वाढतो. भुवया ताणल्यासारख्या वाटणे, डोके ठणकणे, कपाळाच्या रेषेवर बारीक पुटकुळ्या येणे ही पूर्वसूचना समजावी आणि रचना तत्काळ सोडावी. सौंदर्यासाठी थोडे सोसावेच लागते, हा समज इथे पूर्णपणे चुकीचा आहे. नीट घातलेला पीळ दुखत नाही.

कचेरीच्या दारात

एवढी निगुतीने घातलेली रचना कचेरीच्या किंवा शाळेच्या दारात अडवली गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. अमेरिकन एअरलाइन्समधील रेनी रॉजर्स या कृष्णवर्णीय कर्मचारी महिलेने वेण्यांवरील बंदीला न्यायालयात आव्हान दिले. १९८१मध्ये निकाल विरोधात गेला. वर्ण बदलता येत नाही, वेण्या मात्र सोडता येतात, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. वेण्यांचा अंबाडा बांधून कामाच्या वेळेत त्यावर गंगावन गुंडाळावे, हा कंपनीने सुचवलेला तोडगाही नमूद करण्यात आला. म्हणजे अंबाडा चालेल. फक्त तो तिच्या स्वतःच्या केसांचा दिसता कामा नये!

अमेरिकी लष्कराने २०१४मध्ये पीळ आणि जटांवर निर्बंध घालणारे नियम काढले. तीव्र विरोधानंतर त्याच वर्षी पिळांना काही प्रमाणात मुभा मिळाली, २०१७मध्ये जटांना आणि २०२१मध्ये नियम आणखी सैल झाले. जुलै २०१९मध्ये कॅलिफोर्नियाने 'क्राउन' कायदा संमत केला. नावाचा अर्थच मुकुट. केसांचा पोत, तसेच वेण्या, पीळ, जटा यांसारख्या रचना वंशाशी निगडित आहेत आणि त्यांवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करणे हा वंशभेदच होय, असे या कायद्याने प्रथम एखाद्या राज्यात स्पष्ट केले. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी तसेच कायदे केले. अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने मार्च २०२२मध्ये देशव्यापी विधेयक मंजूर केले. सिनेटमध्ये मात्र ते अडकले.

कायद्यालाही पळवाटा असतात. टेक्ससमधील एका शाळकरी मुलाने जटा पिळून डोक्यावर बांधल्या होत्या. त्या खाली सोडल्या तर मुलांसाठी ठरवलेल्या लांबीपेक्षा जास्त भरतील, असे सांगून शाळेने त्याला २०२३ पासून कित्येक महिने नेहमीच्या वर्गाबाहेर ठेवले. राज्याचा 'क्राउन' कायदा सप्टेंबर २०२३मध्ये लागू झाला होता. तरीही फेब्रुवारी २०२४मध्ये न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. कायद्यात रचनेचा उल्लेख होता, लांबीचा नव्हता.

दुसरी अडचण शिक्षणाची. केशकर्तनाचा परवाना मिळवणाऱ्या अनेकांना दाट कुरळे केस हाताळण्याचे प्रशिक्षणच मिळत नसे. न्यू यॉर्क राज्याने २०२३मध्ये कायदा करून सर्व पोतांच्या केसांचे शिक्षण या अभ्यासक्रमात अनिवार्य केले. तोवर ही विद्या मुख्यतः घराघरांतच जगली होती. आईच्या किंवा आजीच्या गुडघ्यांमध्ये बसून, मान कलती करून केस घालून घेण्याची सुट्टीच्या दिवसाची ती तासन्‌तास चालणारी बैठक हीच तिची पाठशाळा होती.

मिशेल ओबामा आठ वर्षे व्हाइट हाउसमध्ये होत्या. त्या काळात वेण्या घालण्याचा विचार मनात आला होता, पण लोकांची अद्याप तयारी नाही असे जाणवले, असे त्यांनी नोव्हेंबर २०२२मध्ये सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वतःच्या तैलचित्राच्या अनावरणासाठी त्या व्हाइट हाउसमध्ये परतल्या तेव्हा त्यांच्या केसांच्या वेण्या होत्या. जून २०२२मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायमूर्ती म्हणून शपथ घेतली, तीही बारीक जटांसह. १९८१मध्ये ज्या केसांना न्यायालयाचे संरक्षण मिळाले नव्हते, ते आता न्यायासनावर बसले होते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी म्हण मराठीत आहे. ती हेकेखोर माणसाला उद्देशून वापरतात. तापलेला कंगवा आणि कॉस्टिक सोडा सोसूनही प्रत्येक मुळाशी पुन्हा पिळदारच उगवणाऱ्या या केसांना मात्र ती वेगळ्या अर्थाने लागू पडते. कोणी केस सरळ करावेत आणि कोणी पिळून बांधावेत, ही ज्याची त्याची आवड. ती आवड नोकरीच्या वा शाळेच्या भीतीने ठरू नये, एवढाच या साऱ्या खटाटोपाचा अर्थ आहे.